एका बाजूने करपलेले दाणे

अहो,

वर काय लिहावं यात माझी दहा मिनिटं गेली. ‘प्रिय’ लिहिलं आणि खोडलं. पस्तीस वर्षांत कधी म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुम्हाला वाटणार, हिला काहीतरी हवंय. तेव्हा अहोच बरं.

लिहायचं कारण असं, की निखिल आज अकरा वाजता येतोय. त्याला एक गोष्ट सांगायची आहे, आणि त्याआधी ती कुणाला तरी सांगून बघायची आहे. घरात दुसरं कोण आहे? पेंडशांना सांगितली तर संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या फळ्यावर लागेल. शिवाय या प्रकरणात निम्मा दोष तुमचा आहे. पोराला काही सांगायचं तर आईबापांनी आधी आपसात बोलून घ्यावं, हे तुमचंच म्हणणं.

तुम्ही गेल्यापासून तुमची तीन कामं मी मागे पडू दिलेली नाहीत. दर गुरुवारी गाडी काढून खडकवासल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. गाडी लावली की मागच्या चाकावर आणि खाली फरशीवर मिळून खडूची एक रेघ मारायची, म्हणजे कुणी हलवली तर कळेल. आणि पार्किंगच्या कठड्यावर तुमच्या खारीला मूठभर भाजलेले दाणे. दाणे माझ्याच कढईतले, एका बाजूने करपलेले. कढईचं बूड एकीकडे पातळ आहे म्हणून तुम्ही जन्मभर कुरकुर केलीत, पण नवी कढई काही आणली नाहीत. खार तरी तक्रार करत नाही, असं मी म्हणायचे.

तिन्हींत गुरुवारचं काम माझ्या सर्वांत आवडीचं. त्रेपन्नाव्या वर्षी मला गाडी शिकवलीत. शिकवलीत म्हणजे शेजारी बसून हँडब्रेक घट्ट धरून ठेवलात आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या वतीने शिव्या घातल्यात. तरी शिकले. आठवड्यातले ते दोन तास असे, की मला कुणी ‘आई, जेवलीस का’ विचारत नाही आणि ‘गोळी घेतली का’ही नाही. धरणाजवळ कणीस खाते आणि परत येते. हे निखिलला कधी नीट सांगितलं नाही. त्याच्या दृष्टीने ती एक जुनी गाडी आहे आणि तिच्यात बसलेली एक जुनी आई.

थंडीत एकदा वाटेत किरकटवाडीपाशी बॅटरी गेली होती. तेव्हा त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं, की यापुढे एकदा जरी बंद पडली तर विकायची. मी हो म्हटलं. भर रस्त्यात उभं राहून माणूस कशालाही हो म्हणतं.

आणि गेल्या आठवड्यात गाडी बंद पडली.

आधी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मग दुसरा लागला. गुरुवारी किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं घरघरत राहिलं, चालू होईना. मी खाली उतरून पहिल्यांदा काय पाहिलं असेल? खडूची रेघ. ती जागच्या जागी होती. म्हणजे गाडी कुणी हलवली नव्हती. पण बॉनेटवरच्या धुळीत चार बोटं उमटलेली दिसली, आणि ती माझी नव्हती.

झालं. तुम्ही अंगात आलात माझ्या.

पहिला संशय पेंडशांवर. दुसऱ्या मजल्यावरून ते आपल्या गाडीकडे कसे बघतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपली जागा सावलीची, त्यांची उन्हातली. आदल्याच दिवशी मला म्हणाले होते, “काय वहिनी, गाडीचा वापर कमी दिसतोय हल्ली.”

“का? तुम्हाला कुठे सोडायचं होतं का?”

“नाही. जागा सावलीची आहे, एवढंच म्हणतोय.”

आता एवढं बोलणारा माणूस सरळ असेल का? तुम्हीच सांगा.

आपल्या थोपटे मिस्त्रींना बोलावलं. तुमच्याच विश्वासातला माणूस. विश्वासातला म्हणजे ज्याच्या समोर उभं राहून तुम्ही काम करून घ्यायचात तो. त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च लावून आत डोकं घातलं आणि दोन वायरींची तुटकी टोकं बाहेर ओढली.

“काकू, ह्ये उंदराचं काम हाय. एक चाकाच्या सेन्सरची वायर गेली आणि एक क्रँकच्या सेन्सरची. इंजिन फिरतंय, पर पेट कवा घ्यायचा त्येच त्याला कळंना.”

मी चष्मा पुसून टोकं बघितली. कात्रीने कापल्यासारखी सरळ. उंदीर इतकं टापटीप काम करतो होय? आपल्या माळ्यावरच्या गोधड्या त्याने कुरतडल्या होत्या तेव्हा चिंध्या केल्या होत्या. मी थोपट्यांना तसं विचारलं. ते म्हणाले, “त्याचं दात लई धारदार आस्त्यात.” म्हणजे दुसरा संशयित. जुन्या गाडीवर ज्याचं पोट आहे, त्याने उंदराच्या दातांचं एवढं कौतुक का करावं? त्यांनी वायरी जोडल्या. तुटलेला एक तुकडा खाली पडला होता, तो मी त्यांच्या नकळत उचलून मसाल्याच्या रिकाम्या डबीत ठेवला. पुरावा म्हणून.

दोन दिवस गाडी चालली. शनिवारी संध्याकाळी निखिल आला. चहा घेतला आणि म्हणाला, “आई, खाली जाऊन जरा कूलंट चेक करतो.” मी गॅलरीतून पाहिलं. बॉनेट उघडून मोबाईलचा टॉर्च लावून तो चांगला पाच-सात मिनिटं आत वाकलेला होता. कूलंटची पातळी बघायला इतका वेळ लागतो? वर आल्यावर म्हणाला, “माझ्या ऑफिसातल्या एकाला सेकंडहँड गाडी हवीच आहे. तू फक्त विचार करून ठेव.”

सोमवारी किल्ली फिरवली आणि गाडी पुन्हा घरघरली.

यापुढचं तुम्हाला आवडणार नाही. मलाही आवडलेलं नाही. मी त्याला फोन केला.

“निखिल, शनिवारी बॉनेट उघडून तू काय केलंस?”

“कूलंट बघितलं. का गं?”

“गाडी परत बंद आहे.”

“मग?”

“मग तूच सांग.”

तो म्हणाला, “आई, मी वायर तोडली असं म्हणायचंय तुला?”

तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द, दोन अक्षरं. पण माझ्या तोंडून आलं, “मी काही म्हणत नाहीये, मी फक्त विचारतेय.”

ओळखलंत ना हे वाक्य? तुमचं आहे. दूधवाल्याला, पोस्टमनला, बँकेतल्या त्या बिचाऱ्या मुलीला, सगळ्यांना तुम्ही हेच म्हणायचात. निखिललाही एकदा म्हणाला होतात. तो नऊ वर्षांचा होता. तुमचं शाईचं पेन सापडत नव्हतं म्हणून तुम्ही त्याचं दप्तर जमिनीवर उलटं केलंत. पेन दोरीवर वाळत घातलेल्या तुमच्याच शर्टाच्या खिशात निघालं. मग काय झालं? काही नाही. आपल्या घरात चूक कबूल करायची एकच रीत, दुसऱ्या दिवशी सकाळी शिरा. तुम्ही मला सांगितलंत, मी केला, बेदाणे घालून. त्याने दोन घास खाल्ल्यासारखं केलं आणि बशी ओट्यावर ठेवून शाळेत गेला. तुम्ही तेव्हा पेपर वाचत होतात. ती बशी मी उचलली.

फोनवर तो इतकंच म्हणाला, “बाबांसारखं बोलू नकोस, प्लीज.” आणि ठेवला. त्यानंतर चार दिवस त्याचा फोन नाही. रोज जेवलीस का विचारणारा मुलगा! मी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता, नाही का? मी दर तासाला फोन चार्जिंगला लागलाय ना, ते बघत होते.

पण संशय असा सुटत नाही. मी स्वतःला समजावलं, की निखिल निर्दोष आहे हे सिद्ध करायचं तर खरा गुन्हेगार पकडायला हवा. मंगळवारी दुपारी चार वाजता मी रांगोळीचा डबा आणि पिठाची चाळणी घेऊन खाली गेले आणि गाडीभोवती, कठड्यापर्यंत, पातळ रांगोळी चाळली. येणाऱ्याचं पाऊल उमटल्याशिवाय राहणार नाही. पेंडसे जिन्यात भेटले. चाळणीकडे बघून म्हणाले, “दिवाळीला अवकाश आहे अजून.” मी चाळणी पाठीमागे घेतली आणि वर गेले. गुन्हेगाराशी फार बोलू नये.

बुधवारी सकाळी गेले तर पावलं होती!

चपलेची पावलं. जिन्याकडून सरळ कठड्यापर्यंत आणि कठड्यापासून परत. मी खाली बसून ती नीट पाहिली. डाव्या टाचेची आतली कड झिजलेली होती. मी माझी चप्पल काढून शेजारी ठेवली. माझीच होती हो. संध्याकाळी खारीला दाणे ठेवायला आले होते, इतक्या सवयीने की रांगोळीवरून चालत गेल्याचं भानच नव्हतं. दुसऱ्या कुणाही माणसाचं पाऊल नव्हतं. ना पेंडशांचं, ना आणखी कुणाचं.

पण कठड्याच्या खालून पुढच्या चाकापर्यंत एक बारीक वाट होती. इवलाल्या पंजांची, मध्ये शेपटीची रेघ. एकदा नाही, जा-ये करून करून रांगोळी पार पुसून गेली होती तिथली.

थोपटे आले. या वेळी त्यांनी बाकीचं काही न बघता एअर फिल्टरच्या पेटीच्या क्लिपा काढल्या आणि झाकण उचललं. “आई गं,” म्हणाले, आणि बाजूला झाले.

अर्धी पेटी दाण्यांनी भरली होती. भाजलेल्या, लालसर सालीच्या दाण्यांनी. कडेला कापडाच्या चिंध्या आणि फिल्टरचा कुरतडलेला कागद. मी एक दाणा उचलून उलटा केला. मग दुसरा, मग तिसरा. एकजात सगळे एका बाजूने करपलेले.

अहो, तुम्ही रोज सकाळी फिरून आलात की त्या कठड्यापाशी उभे राहायचात. मी वरून हाक मारायचे, चहा निवतोय म्हणून. तुम्ही हात हलवायचात, थांब. मला वाटायचं, आळस. खार शेवटचा दाणा खाऊन जाईपर्यंत तुम्ही थांबायचात आणि उरलेले मुठीत घेऊन वर यायचात, हे मला आत्ता कळतंय. सांगितलं का नाहीत? कुणावरही विश्वास न ठेवणारा माणूस, उंदरांबद्दल एक शब्द बोलू नये?

आणि मी काय केलं? सकाळी तिथे माझ्याने उभं राहवत नव्हतं. गाडी असते, कठडा असतो आणि तुम्ही नसता. म्हणून मी संध्याकाळी जायचे, मूठ रिकामी करायचे आणि मागे न बघता वर यायचे. दुसऱ्या दिवशी कठडा स्वच्छ असायचा. मला बरं वाटायचं. तुमची खार माझ्या हातचं खाते, मला ओळखते, असं मी समजत होते. वर्षभर मी उंदरांचं बिऱ्हाड पोसलं, आणि त्याच उंदरांनी वायरी कुरतडल्या म्हणून पोटच्या पोराला उलटतपासणीला उभं केलं.

थोपट्यांनी विचारलं, “काकू, ह्ये दाणं कुठलं म्हनायचं?”

मी काय म्हटलं असेल? “शेजारच्या शाळेतली मुलं टाकत असतील.” साफ खोटं. शेजारची शाळा कधीच बंद झालीय.

“आसंल,” ते म्हणाले.

मग त्यांनी काम केलं आणि मी स्टुलावर बसून सगळं बघितलं, तुमच्यासारखंच. आख्खा वायरींचा जुडगा नवा मिळतो का, असं मी विचारलं, तर म्हणाले, एवढ्या जुन्या गाडीला तो आता मिळत नाही, जोडच द्यावा लागतो. तुटलेल्या टोकाचं प्लास्टिक सोललं तर आतलं तांबं काळं पडलेलं. तेवढं कापून टाकलं. पुन्हा सोललं, पुन्हा काळं. पुन्हा कापलं.

“किती मागे जाणार?” मी म्हटलं. “वायर उरायची नाही.”

“तांबं चकाकतंय तितवर जायाचं, काकू. काळ्यावर जोड दिला तर दिसायला जोड दिसतो, पर लागत न्हाई. मागच्या टायमाला म्या घाई केली, तितंच चुकलं माझं.”

किती सहज म्हणाला हो तो माणूस, चुकलं माझं! हातातली पक्कडही खाली ठेवली नाही. वायर कमी पडली तिथे नवा तुकडा घातला, दोन्ही बाजूंनी सोल्डरचा डाग दिला. जोडावर बारीक नळी सरकवून ती गरम हवेने आवळून घेतली, वरून पन्हळी नळी आणि कापडी टेप. एका तपकिरी वायरीवर पांढरी रेघ होती, ती त्यांना नीट दिसत नव्हती. ती मी दाखवली. पेटीतले दाणे कागदावर ओतले, नवा फिल्टर बसवला. किल्ली मीच फिरवली. पहिल्या झटक्यात चालू झाली आणि दोन्ही पिवळे दिवे विझले.

वर चहाला बोलावलं. चहासोबत, हात सवयीने गेला, दाण्यांची वाटी पुढे केली. थोपट्यांनी एक दाणा घेतला, दोन बोटांत फिरवून त्याची करपलेली बाजू पाहिली आणि तोंडात टाकला. निघताना चप्पल घालता घालता म्हणाले, “काकू, दाण्याची जागा तेवढी बदला.” बस्स. माझे कान गरम झाले.

खाली पेंडसे उभे होते. म्हणाले, “उंदीर ना? महिनाभर बघतोय मी. बॉनेटखाली शिरताना पाहिला म्हणून वर थापही मारली होती एकदा.” म्हणजे ती चार बोटं. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीत? “सांगणार होतो. पण तुम्ही चाकांवर खडूच्या खुणा करता. म्हटलं, मीच सोडला असं व्हायचं.”

बरोबरच होतं त्यांचं.

काल निखिलचा मेसेज आला. ‘उद्या अकराला येतो. गाडीचं बघू.’ खाली काही नाही. जेवलीस का, तेसुद्धा नाही. उंदराचं थोपट्यांनी त्याला फोनवर सांगितलंय. दाण्यांचं सांगितलेलं नाही. म्हणजे मी गप्प बसले तर कुणाला काही कळायचं नाही. उंदीर होता, मिटलं. तोही बहुधा काही विचारणार नाही. नऊ वर्षांचा असतानाही त्याने विचारलं नव्हतं.

आज सकाळी सात वाजता मी दाणे घेऊन खाली गेले आणि उभी राहिले. पाय दुखायला लागले तरी उभी राहिले. गाडी होती, कठडा होता. रडले थोडी, कुणी बघितलं नाही, पेंडसे सोडून. मग खार आली. बदामाच्या झाडावरून उतरली, कठड्याच्या टोकाशी थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ पळून गेली. तिने मला आज पहिल्यांदाच पाहिलं होतं. वर्षभर मी तिच्याशी जी ओळख सांगत होते, ती तिला माहीतच नव्हती.

मी अर्धा तास थांबले. ती आली नाही. दाणे मुठीत घेऊन वर आले.

तर आता ऐका. शिरा केलेला आहे, बेदाणे घालून, झाकून ठेवलाय. तो तुमच्या वतीनेही आहे असं समजा. पण तो आधी पुढे करणार नाही. निखिल आला की त्याला बसवीन, फिल्टरमधले दाणे बशीत समोर ठेवीन. ते कुणाच्या कढईतले, हे त्याला सांगावं लागणार नाही. त्याच दाण्यांवर वाढलाय तो. तरीही मी तोंडाने सांगेन. मला तुझा संशय आला होता. चूक माझी होती. पेन बाबांच्या खिशात होतं. तिन्ही वाक्यं सांगेन, एकही गाळणार नाही. मग गाडी ठेवायची की विकायची ते त्याने म्हणावं, मी शब्द दिलेला आहे. पण गुरुवारी मी कुठे जाते आणि का, हे त्याआधी त्याला माहीत असेल. आणि काहीही ठरलं तरी रोज सकाळी सातला मी कठड्यापाशी उभी राहीन, खार येईपर्यंत आणि तिचं खाऊन होईपर्यंत. हे वचन समजा.

बेल वाजली. अकराला अजून वीस मिनिटं आहेत. हा मुलगा वेळेआधी कधी आलाय?

तुमचीच,
सुलभा